कोल्हापूरचं कास्टिंग जर्मनीत पोचेपर्यंत महाग का होतं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत तुमच्या वडिलांची फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतून भाग (कास्टिंग) बनवायचा कारखाना. महिन्याला दीडशे टनांच्या आसपास ग्रे आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) निघतं, बहुतेक काम ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांचं. एका जर्मन पंप कंपनीने १४ किलोच्या पंप केसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) भाव मागवला, मशीनिंगसकट, वर्षाला ३,००० नग. तुम्ही भाव दिला. उत्तर आलं की चीनचा भाव तुमच्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी कमी आहे, सध्याचं काम मात्र तुर्कस्तानातल्या एका फाउंड्रीकडे आहे आणि ती तुमच्याहून थोडी महागच आहे. तुम्ही विचारताय की मजुरी आपल्याकडे स्वस्त, रुपया डॉलरला नव्वदीपार गेला, तरी आपण का बसत नाही? आणि निर्यातीच्या मागे लागायचं की इथल्या ट्रॅक्टरवाल्यांचंच काम नीट करायचं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता सांगितली आहे. चीन स्वस्त आहे यात नवीन काही नाही. पण चीनचा भाव हातात असताना तो जर्मन माणूस सगळ्यात महाग फाउंड्रीकडून माल घेतोय, आणि तेही वर्षानुवर्षं. जर्मन खरेदीवाला पैसे उधळणारा नसतो, एकेका सेंटसाठी तो तासभर बोलतो. तेव्हा चीन स्वस्त का हे बाजूला ठेवा आणि तुर्कस्तानवाल्याला तो जास्त पैसे कशाचे देतो ते शोधा. त्याचं उत्तर सापडलं की निर्यात करायची की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मी फाउंड्रीच्या क्वालिटी विभागातून आलो आणि पुढे निर्यातीचे ग्राहक सांभाळले, त्यामुळे मी जे सांगतो ते कास्टिंग आणि मशीनिंगपुरतं. कपड्यांत किंवा औषधांत गणित वेगळं असतं. कास्टिंगमध्येही नगाचं वजन, त्यात कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) किती, मशीनिंग किती, वर्षाला नग किती यावर उत्तर उलटसुलट होऊ शकतं. खाली जे आकडे घेतलेत ते हिशोब दाखवण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

मजुरीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांचा भर तिथेच असतो. आपल्याकडच्या ग्रे आयर्न फाउंड्रीत कास्टिंगच्या किमतीतला साधारण निम्मा भाग धातूचा असतो, म्हणजे पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप, फेरो अलॉय. वीज बारा-पंधरा टक्के. मजुरी दहा-बारा टक्के. जर्मनीच्या तुलनेत आपली मजुरी कितीही कमी असली तरी ती स्वस्ताई किमतीच्या एवढ्याशा भागावर लागू होते. शिवाय चीनमधल्या मोठ्या फाउंड्रीत एका माणसामागे निघणारं टनेज आपल्यापेक्षा बरंच जास्त असतं. आपल्याकडे आर्पा मशीनवर (साचे पाडायचं साधं मशीन) दोन माणसं हाताने बॉक्स उचलतात आणि तिकडे ऑटोमॅटिक लाइन तासाला शेकडो मोल्ड टाकते. तिथे पगार जास्त असूनही किलोमागची मजुरी आपल्या जवळपास येते. मजुरीच्या जोरावर परदेशी ग्राहक टिकत नाही, हे मी पुन:पुन्हा पाहिलं आहे.

आता रुपया. मार्च २०२२ मध्ये डॉलर ७६ च्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. वरवर पाहता निर्यातदाराची चांदी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात रुपया पाच टक्के पडला की पिग आयर्न आणि स्क्रॅपचे इथले भावही आयातीच्या भावाकडे बघत वर सरकतात, म्हणजे निम्म्या किमतीवरचा फायदा तिथेच जिरतो. उरले अडीच टक्के. ग्राहकाचा खरेदी विभागही रोज विनिमय दर बघतो, आणि वर्षाच्या वाटाघाटीत त्यातला अर्धा मागून घेतो. हातात एक-सव्वा टक्का राहतो, तोही पुढच्या वेतनकरारापर्यंत. रुपया घसरला म्हणून मिळालेली ऑर्डर रुपया सावरला की जाते. बँकेत फॉरवर्ड घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घ्या, पण रुपयावर धंदा उभा करू नका.

इथून पुढे जे आहे ते तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तुर्कस्तानवाला तिथेच जिंकतो.

तुमच्या केसिंगची किंमत मशीनिंगसकट २,२०० रुपये धरू. पिग आयर्न आवारात येऊन पडल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत काय होतं ते मोजा. कच्चा माल दोन आठवडे पडून असतो. मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), मशीनिंग, रंग, पॅकिंग यात महिना जातो, आणि मशीनिंग बाहेर जॉबवर्कला देत असाल तर त्याहून जास्त. मग ट्रक न्हावा शेवाला, कस्टम्स, जहाज. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. घरापासून ग्राहकाच्या दारापर्यंत दीड महिना धरा. तिथे तो म्हणतो, आमच्या जवळच्या गोदामात महिनाभराचा साठा ठेवा, आम्ही उचलू तसं बिल करा. आणि बिलानंतर साठ दिवसांनी पैसे. बेरीज सहा महिन्यांची होते. दहा टक्के व्याजाने २,२०० रुपयांवर सहा महिन्यांचे ११० रुपये होतात, म्हणजे सरळ पाच टक्के. फाउंड्रीचा निव्वळ नफा चांगल्या वर्षातही याच्या आसपास असतो.

हे तुमच्या बाजूचं झालं. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर चित्र आणखी बोचरं आहे. तुर्कस्तानचा ट्रक पाच-सहा दिवसांत जर्मनीत पोचतो, आणि त्या देशाचा युरोपियन युनियनशी १९९६ पासून कस्टम्स युनियन आहे, त्यामुळे औद्योगिक मालावर शुल्काची भानगड नाही. जर्मन ग्राहकाने केसिंगच्या ड्रॉइंगमध्ये एक बोअर (भोक) दोन मिलिमीटरने वाढवला, तर तुर्कस्तानचा जुना माल फार तर दोन-तीन आठवड्यांचा वाटेत असतो. आपला तीन महिन्यांचा असतो: समुद्रात, गोदामात, मशीन शॉपमध्ये. तो सगळा कुणाच्या माथी मारायचा यावर भांडण होतं, आणि भांडण नको म्हणून तो आधीच तुर्कस्तानला पाच-सात टक्के जास्त द्यायला तयार असतो. मागणी कमी झाली तरी तेच. सहा आठवड्यांनी काय लागणार हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं.

मग आपण काय करू शकतो? जहाज लवकर पोचवणं आपल्या हातात नाही. दारातून निघेपर्यंतचे दिवस आपल्या हातात आहेत. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ ओतकामात जात नाही, तो दोन कामांच्या मध्ये जातो. कास्टिंग शॉट ब्लास्ट होऊन मशीनिंगच्या रांगेत आठ दिवस पडून राहतं, कारण मशीन शॉपवाला आधी देशातल्या ग्राहकाचं काम उरकतो. त्या रांगा बघायला एक साधा उपाय आहे. प्रत्येक नगावर हीट कोड (भट्टीतल्या एका खेपेचा, म्हणजे हीटचा, क्रमांक) असतोच, त्यावरून ओतल्याची तारीख कळते. पॅकिंगच्या दिवशी पॅलेटवरच्या दहा नगांचे हीट कोड वाचून तारखांमधला फरक लिहून ठेवायला सांगा. काही ठिकाणी तो फरक पस्तीस-चाळीस दिवस निघतो, आणि प्रत्यक्ष कामाचे तास जोडले तर तीन दिवससुद्धा होत नाहीत. हा फरक निम्म्यावर आणला तर व्याज वाचतं, आणि ड्रॉइंग बदललं की वाया जाणारा मालही कमी होतो. शिवाय दोष सापडला तर तो चाळीस दिवसांच्या मालात पसरलेला नसतो.

दोषाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर सविस्तर बोलायला हवं, कारण नवीन निर्यातदार बुडतो तो बहुतेक वेळा इथे. देशातल्या ट्रॅक्टरवाल्याकडे दोन-तीन टक्के नग मशीनिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे राहिलेलं छिद्र) निघून रिजेक्ट झाले तर तो डेबिट नोट पाठवतो, तुम्ही टेम्पोने माल परत आणता, पुन्हा वितळवता. धातू वाचतो, नुकसान मर्यादित असतं. तोच ब्लोहोल जर्मनीत निघाला की तो एका नगाचा प्रश्न राहत नाही. ग्राहक म्हणतो, अख्खा लॉट संशयास्पद आहे, छाननी करून घ्या. तिथली छाननी करणारी एजन्सी तासाला चाळीस-पन्नास युरो लावते. एका कंटेनरमध्ये १४ किलोचे साधारण १,४०० नग बसतात. एक माणूस तासाला वीस नग तपासतो असं धरलं तरी सत्तर तास, म्हणजे तीन लाख रुपयांच्या वर. समुद्राचं भाडं आणि दोन्हीकडचा खर्च मिळून कंटेनरमागे जेवढे पडतात, जवळपास तेवढेच. एवढं करून त्याची लाइन बंद पडू नये म्हणून चांगले नग विमानाने पाठवावे लागले, तर १४ किलोच्या नगाचं विमानभाडं नगाच्या किमतीपेक्षा जास्त होतं. तीनशे नग विमानाने गेले की त्या पार्टनंबरचा वर्षाचा नफा संपला.

म्हणून मी निर्यातीत उतरू पाहणाऱ्या फाउंड्रीला आधी भाव विचारत नाही, रिजेक्शनचं रजिस्टर मागतो. त्यात ‘रिजेक्शन सहा टक्के’ एवढंच लिहिलेलं असलं तर ती फाउंड्री अजून तयार नाही. ब्लोहोल किती, सँड इन्क्लूजन (आत अडकलेली वाळू) किती, कोल्ड शट (धातू नीट न जुळलेली जागा) किती, कोअर सरकून भिंत पातळ झाली असे किती, आणि ते कुठल्या पाळीत, कुठल्या पॅटर्नवर (साचा पाडायच्या नमुन्यावर), कुठल्या महिन्यात, हे वेगळं लिहिलेलं हवं. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये दोष वाढतात हे तुमच्या वडिलांना पाठ असेल. वाळूतली आर्द्रता दर तासाला मोजायला हवी, कोअर शेडमध्ये ठेवलेले कोअर ओल धरतात, त्यातून गॅस होतो आणि ब्लोहोल येतात. पण ते पाठ असणं आणि त्यासाठी कोअर पुन्हा भाजून वापरायचा नियम भिंतीवर लावून पाळणं, यात फार अंतर आहे. जर्मन ऑडिटर येतो तेव्हा तो हेच बघतो: माहीत असलेली गोष्ट रात्रपाळीतही होते का?

दोष कमी केल्याने भावही खाली येतो. फाउंड्रीतल्या आतल्या रिजेक्शनचं गणित करा. धातू परत भट्टीत जातो, पण वीज, वाळू, कोअर, मजुरी, मशीनचा वेळ गेला तो गेला. हा रूपांतराचा खर्च किलोला साठ रुपये धरला आणि रिजेक्शन आठ टक्क्यांवरून तीनवर आणलं, तर किलोमागे तीन रुपये सुटतात. त्यात यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतून निघणाऱ्या चांगल्या मालाचं प्रमाण, सुधारा. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. ओतलेल्या शंभर किलोतले साठ किलोच चांगलं कास्टिंग म्हणून बाहेर पडत असतील, तर एक टन चांगल्या मालामागे हजार युनिट जळतात. रनर-रायझरची (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांची) रचना सिम्युलेशनवर तपासून तेच अडुसष्टवर नेलं तर नऊशेच्या आत येतात. वाचलेल्या विजेचा किलोमागे रुपया होतो. दोन्ही मिळून चार रुपये, म्हणजे किलोला १२५ च्या भावात तीन टक्क्यांच्या वर. रुपया पाच टक्के घसरून तुम्हाला जेवढं मिळालं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि हे रुपया सावरला तरी कुणी परत मागत नाही.

थोडक्यात इथपर्यंत असं झालं: मजुरीचा फायदा लहान, रुपयाचा त्याहून तात्पुरता, वेळेचं व्याज पाच टक्के, आणि एक वाईट कंटेनर म्हणजे वर्ष वाया. चीनशी पंधरा टक्क्यांवर झगडण्याआधी तुर्कस्तानशी या शेवटच्या दोन गोष्टींवर झगडायचं आहे.

चीनबद्दल थोडंच सांगतो. जगात कास्टिंगचं उत्पादन चीन करतो पाच कोटी टनांच्या आसपास आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेला भारत सव्वा कोटी टनांच्या आसपास. चौपट आकाराच्या बाजारात पॅटर्नवाला, कोअरवाला, वाळूवाला, रंगवाला सगळे तासाभराच्या अंतरावर असतात, आणि त्यांच्या सुट्या किमती कमी असतात. साध्या, जड, मशीनिंग नसलेल्या, वर्षाला पन्नास हजार नगांच्या कामात त्यांच्याशी भावावर लढू नका. अमेरिकेने २०१८ पासून चीनच्या पुष्कळ मालावर पंचवीस टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावलं, तेव्हा सगळं काम आपल्याकडे येईल असं शिरोली-गोकुळ शिरगावमध्ये बोललं जात होतं. काही आलं, पण बरंच मेक्सिकोला गेलं, कारण तिथून ट्रकने माल जातो आणि करारामुळे तेव्हा शुल्क लागत नव्हतं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्याच बहुतेक मालावर जादा शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं, तेव्हा एकाच देशावर विसंबलेल्यांची झोप उडाली. दुसऱ्याच्या अडचणीतून आलेला ग्राहक राजकारणाबरोबर निघूनही जातो. अमेरिकेचं कोटेशन देताना शुल्क कोण भरणार आणि बदललं तर काय, हे लेखी घ्या.

आता सरकारकडून काय मिळतं. निर्यातीवर जीएसटी नाही, एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) देऊन माल पाठवा. ड्यूटी ड्रॉबॅक आणि रोडटेप या योजनांतून पैसे मिळतात, पण ते भरलेल्या करांची परतफेड आहे, नफा नाही. २०२० च्या अखेरीस निर्यातीवर टक्केवारीने प्रोत्साहन देणारी एमईआयएस योजना संपली तेव्हा ज्यांनी तिचे टक्के आधीच ग्राहकाला भावात देऊन टाकले होते ते अडकले, कारण ग्राहक भाव परत वाढवत नाही. लघुउद्योगांना निर्यात कर्जावर व्याजात मिळणारी सवलत ३१ डिसेंबर २०२४ ला थांबली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं. त्यातलं तुम्हाला काय लागू होतं ते बँकेत विचारा, पण मिळालं तर वरकड समजा. निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा सरकारी ईसीजीसीचा विमा मात्र पहिल्याच कंटेनरपासून घ्या. ग्राहक बुडाला तर फाउंड्रीच बुडते अशी वेळ येऊ देऊ नका.

धोरणाबद्दल एक गोष्ट मनापासून खटकते. आपण कच्च्या मालाच्या उत्पादकाला संरक्षण देतो आणि त्यापासून वस्तू बनवणाऱ्याने जगाशी स्पर्धा करावी अशी अपेक्षा धरतो. २०२५ च्या सुरुवातीपासून लो-ॲश मेट कोकच्या (लोखंड गाळायला लागणाऱ्या कमी राखेच्या कोकच्या) आयातीवर केंद्राने प्रमाणाचे निर्बंध घातले. कोक महागला की पिग आयर्न महागतं, आणि ते महागलं की कोल्हापूर, बेळगाव, राजकोट, कोइंबतूरच्या हजारो लहान फाउंड्रींचं कास्टिंग महागतं. कोक बनवण्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कास्टिंग आणि मशीनिंगमध्ये काम करतात. २०२४ मध्ये सुमारे दहा कोटी लोकसंख्येच्या व्हिएतनामने ४०० अब्ज डॉलरहून जास्त मालाची निर्यात केली. आपली २०२४-२५ ची मालनिर्यात ४३७ अब्ज डॉलरच्या आसपास राहिली. व्हिएतनाममध्ये सुटा भाग आणि कच्चा माल कमी शुल्कात आत येतो, आणि ऑगस्ट २०२० पासून युरोपियन युनियनशी त्यांचा मुक्त व्यापार करार लागू आहे. आपल्याकडे यूएई, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांच्याशी करार झाले ही चांगली सुरुवात आहे. पण करारामुळे तिथलं शुल्क दोन टक्क्यांनी उतरलं आणि इथला कोक दहा टक्क्यांनी चढला, तर फाउंड्रीवाल्याच्या हातात काय राहतं?

विजेचंही तसंच. महाराष्ट्रातला औद्योगिक दर शेजारच्या कर्नाटकापेक्षा जड पडतो म्हणून कोल्हापुरातले उद्योजक सीमेपलीकडे जाण्याची भाषा करत आले आहेत, आणि ती निव्वळ धमकी नसते. पूर्वी रात्री सवलत होती म्हणून आपण हीट रात्री घ्यायचो. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे वळली आहे, म्हणजे पाळ्यांची रचना बदलायला हवी. तुम्ही अजून जुन्याच वेळा पाळत असाल तर बिल काढून बघा. रस्त्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस पाण्याखाली होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. भरलेले कंटेनर आवारात उभे होते. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे झाली असती तर कोकणातून बंदराकडे दुसरी वाट असती. ती होईपर्यंत पावसाळ्याचा साठा जूनच्या मध्यापर्यंत ग्राहकाच्या जवळच्या गोदामात पोचलेला असायला हवा, हा माझा पक्का नियम आहे.

युरोपसाठी एक नवीन बाब. तिथला कार्बनचा सीमाकर, ज्याला सगळे ‘सीबॅम’ म्हणतात, १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाला. तुमचा माल कुठल्या कोडखाली जातो यावर सगळं अवलंबून आहे. पाइप फिटिंग किंवा नट-बोल्ट असता तर तो यादीत आला असता. पंपाचा भाग म्हणून जाणारं केसिंग आज यादीत नाही, पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने ही यादी पुढच्या तयार मालाकडे वाढवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सोलर विकणारे वेगळंच सांगतात. लोखंड-पोलादाच्या बाबतीत या करात तुमच्या विजेचं उत्सर्जन धरत नाहीत, थेट उत्सर्जन आणि आत वापरलेल्या पिग आयर्नचं उत्सर्जन धरतात. स्क्रॅपचं शून्य धरलं जातं. म्हणजे चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) पिग आयर्न कमी करून स्वच्छ स्टील स्क्रॅप आणि कार्बन देणारं कार्बुरायझर वाढवलं तर कराचा आकडा खाली येतो. त्यासाठी स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारं यंत्र) आणि वितळवणाऱ्याचा हात दोन्ही पक्के हवेत, नाहीतर चिल (कास्टिंगमध्ये फार कडक झालेला भाग) येऊन मशीनिंगला टूल तुटतात. सोलर विजेच्या बिलासाठी जरूर लावा, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या कार्बन अहवालासाठीही ते उपयोगी पडतं. प्रत्येक हीटचा चार्ज मात्र आजपासून लिहून ठेवा. मोजलेले आकडे नसतील तर तिकडे ठरलेले सरासरी आकडे लावतात आणि ते महागात पडतात.

पुण्याच्या भारत फोर्जची गोष्ट आपल्याकडे भाषणात सांगतात, पण त्यातला कामाचा भाग कमी सांगितला जातो. त्यांनी १९९० च्या सुमारास हाताने चालणाऱ्या हॅमरऐवजी जर्मनीतून आणलेली स्वयंचलित प्रेस लाइन बसवली आणि शॉपफ्लोअरवर इंजिनिअर आणले. २००४ मध्ये जर्मनीतली फोर्जिंग कंपनी विकत घेण्याआधी दहा-पंधरा वर्षं प्रत्येक नग सारखा निघावा यासाठी खर्ची पडली होती. आपल्याला प्रेस लाइन नको आणि जर्मन कंपनीही नको. त्यांचा क्रम मात्र घेण्यासारखा आहे: आधी सारखेपणा, मग आकार.

तर तुमच्या केसिंगबद्दल माझं मत. १४ किलो, आत कोअर, मशीनिंग करून, वर्षाला ३,००० नग, हे काम कोल्हापूरला साजेसं आहे. मोठ्या ऑटोमॅटिक लाइनला एवढ्या नगांसाठी पॅटर्न बदलणं परवडत नाही, आणि २०२२ नंतर वीज-गॅस महागल्याने युरोपातल्या पुष्कळ फाउंड्रींना अशी मधली कामं जड जातायत. रफ कास्टिंग किलोवर विकण्यापेक्षा मशीनिंग केलेला, प्रेशर टेस्ट झालेला नग विका. त्यात किलोमागे मूल्य जास्त असतं, त्यामुळे भाडं टक्केवारीत हलकं होतं. आणि ब्लोहोल तुमच्याच मशीन शॉपमध्ये सापडतो, जर्मनीत नाही. मशीनिंग जॉबवर्कला जात असेल तर या एका पार्टसाठी तरी दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं) स्वतःच्या छपराखाली आणा.

पण एक अट. महिन्याला दीडशे टनांत हे केसिंग साडेतीन टन होतं. देशातलं काम सोडून निर्यातीच्या मागे लागू नका. ट्रॅक्टरवाला दर आठवड्याला माल उचलतो, त्याच्याच पैशावर निर्यातीचे सहा महिने निघतात. पहिली दोन वर्षं निर्यात उलाढालीच्या दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवा. आतलं रिजेक्शन चार टक्क्यांच्या खाली नसेल तर हे कोटेशन सध्या सोडून दिलं तरी चालेल. सहा-आठ महिने आधी घर नीट लावा, असे नग पुन्हा विचारायला येतात.

रिजेक्शन ताब्यात असेल तर त्या खरेदीवाल्याला भाव कमी करून दाखवू नका. उलट त्याला विचारा: तुर्कस्तानच्या मालात तुम्हाला कुठला त्रास होतो? वर्षात ड्रॉइंग किती वेळा बदललं? साठा किती आठवड्यांचा हवा आणि तो कुणाच्या नावावर? छाननीची वेळ आली तर खर्चाची मर्यादा काय? मग ३,००० ऐवजी पहिल्या वर्षी ६००-७०० नग मागा, दुसरा पुरवठादार म्हणून. एका माणसावर अवलंबून राहायला त्यालाही आवडत नाही, त्यामुळे ही मागणी तो सहसा नाकारत नाही. पॅटर्नचे पैसे त्याच्याकडून घ्या, विनिमय दर पाच टक्क्यांपलीकडे हलला तर भाव पुन्हा ठरवायचं कलम घाला, धातूचा भाव तिमाहीला जोडा. गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी आणि हीट ट्रीटमेंट केलेले शिक्क्याचे लाकडी पॅलेट यांत पैसे वाचवू नका, समुद्रात गंजलेला नग तो रिजेक्शनच धरतो. सॅम्पल पाठवताना निवडलेले दहा सुंदर नग पाठवू नका, एका साध्या पाळीत सलग निघालेले पन्नास मोजमापासकट पाठवा. आणि ते पन्नास शक्यतो जुलैमध्ये ओता.